न फाडलेली लुगडी

दिवाळी उलटली की भंडाऱ्यात एक सकाळ अशी उगवते, की आमच्या कॉलनीतल्या सगळ्या गच्च्यांवर एकाच दिवशी पांघरुणं पडलेली दिसतात. कोणी कोणाला सांगितलेलं नसतं. आदल्या रात्री सगळ्यांचेच पाय गार पडलेले असतात, एवढंच. वाघाच्या चित्राची ब्लँकेटं, लग्नात आहेर म्हणून आलेल्या आणि प्लास्टिकच्या पिशवीतून कधीच बाहेर न निघालेल्या चादरी, कोणाची कापसाची जुनी गादी. डांबराच्या गोळ्यांचा वास खालच्या रस्त्यापर्यंत येतो. नेमका त्याच दिवसांत गावांकडून येणाऱ्या वाऱ्याला कापलेल्या धानाचा ओलसर, गोडूस वास असतो. हे दोन वास एकत्र आले की मी दिवाणातून लोकरीची पिशवी काढते, आणि वरच्या मजल्यावरची माझी सून नवऱ्याला हळूच सांगते, "आईंचं सुरू झालं बरं का." मला ऐकू येतं. कान अजून शाबूत आहेत माझे.

विणायला मी शाळेत शिकले. म्हणजे शिकताना नव्हे, शिकवायला लागल्यावर. त्या काळी थंडीत आमच्या स्टाफरूममध्ये वह्या कमी आणि लोकरीचे गुंडे जास्त असायचे. हेडमास्तर आत आले की सुया टेबलाखाली जायच्या, ते गेले की वर यायच्या. माझे स्वेटर नेहमी दोन मापं मोठे. वाढत्या अंगाचं पोर, दरवर्षी कोण नवीन विणत बसणार! माझ्या मुलानं एकच चॉकलेटी स्वेटर घोट्यापर्यंत लोंबत असल्यापासून बेंबी उघडी पडेपर्यंत घातला. अजून तो फोटो पाहिला की चिडतो. मग मी तो स्वेटर उसवला आणि त्याच लोकरीचा नवऱ्यासाठी मफलर केला. लोकरीचं मला हेच आवडतं. मन बदललं, माणूस बदललं, तरी उसवून पुन्हा सुरुवात करता येते. फार तर धागा थोडा कुरळा राहतो.

वाकळीचं तसं नाही. वाकळ म्हणजे गोधडी. आमच्या झाडीपट्टीत तिला वाकर म्हणतात, कारण ळ म्हणायचा आमच्या लोकांना कंटाळा. वाकळ करायची तर आधी फाडावं लागतं. लुगड्याचे काठ घट्ट विणीचे असतात, ते धुतले की आखडतात आणि आतलं मऊ कापड ओढून धरतात, म्हणून काठ आधी फाडून बाजूला. मग पदर बाजूला. मग उरलेलं अंग घड्या घालून वाकळीच्या पोटात. काढलेल्या काठांची शेवटी चारी कडांना पट्टी. यात कात्री चालत नाही. कात्रीनं कापड तिरकं जातं; दातानं जराशी चीर पाडून हातानं ओढलं की सुताच्या रेषेत सरळ फाटतं. आणि फाडलेलं पुन्हा जोडता येत नाही, हे काही कोणाला समजावून सांगायला नको.

मागच्या वर्षी इथल्या एका सभागृहात गोधड्यांचं प्रदर्शन भरलं होतं. हातमागाचा कुर्ता घातलेली एक मुलगी प्रत्येक गोधडीपुढे उभी राहून सांगत होती, "याच्या प्रत्येक टाक्यात आजीची माया आहे." असेल बाई. नाही असं मी म्हणणार नाही. पण मी ज्या वाकळी घालताना पाहिल्या त्यांच्या टाक्यांत जास्त करून चुगल्या होत्या. चार बाया एका कापडाच्या चार बाजूंना बसल्यावर दुसरं काय होणार? कोणाची सून माहेरी जाऊन बसली, कोणाच्या बांधीतलं, म्हणजे धानाच्या वाफ्यातलं पाणी कोणी फोडलं, कोणाच्या घरी पाहुणे येऊन गेले आणि पोरगी पसंत का नाही पडली. एखादी बातमी चवीची निघाली की टाके लांब पडायचे. आईच्या हातच्या एका वाकळीत तर मधोमध असा एक पट्टा होता की तिथे बोट आरपार जायचं. ती म्हणायची, तेव्हा तुझ्या मावशीच्या जावयाची गोष्ट चालली होती.

मी त्या मुलीला काही बोलले नाही. गोधड्या मात्र सगळ्या हातानं उलटून पाहिल्या, तेव्हा तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. उलटी बाजू पाहिल्याशिवाय कशी कळणार गोधडी? माझ्या डोक्यात मात्र तेव्हा दुसरंच चाललं होतं. आई गेल्यानंतरची दुसरी थंडी.

आई गेली धानाच्या रोवणीच्या दिवसांत. बाहेर चिखल, माणसं बांध्यांमध्ये, आणि घरात ती. आधीची बरीच वर्षं तिचं एक अंग लुळं होतं, त्यामुळे जाणं अचानक नव्हतं. मी फारशी रडले नाही. लोकांनी ते पाहिलं आणि लक्षातही ठेवलं. आमच्याकडे रीत अशी, की मेलेल्या बाईची नवी-जुनी लुगडी वर्षश्राद्धापर्यंत पेटीतून काढायची नाहीत. वर्ष झालं की कोरी असतील ती लेकीसुनांनी वाटून घ्यायची आणि नेसलेली असतील त्यांची वाकळ घालायची, तीही धान घरात आल्यावर. कारण त्याआधी कोणाला सवड असते? उशिरा पिकणारं जडधान कापून, त्याची पुंजणं म्हणजे ढीग रचून, चुरून दाणे मोकळे झाले की मग बाया जमिनीवर मांडी घालून बसू शकतात. आमचं गाव लाखांदूरच्या अलीकडे, तळ्याच्या पाळीला लागून. चहूकडे धानच धान. तिथे माणसाच्या दुःखालासुद्धा धानाच्या सवडीनंच उघडावं लागतं.

त्या वर्षी वाकळीची घाई होती ती माझ्या भावजयीला, रेखाला. तिची पिंकी नर्सिंगला लागली होती, संक्रांतीनंतर नागपूरच्या होस्टेलवर जायची होती. रेखाचं म्हणणं होतं, पोरीबरोबर आजीची वाकळ जाऊ दे. नागपूरची थंडी काही कमी नसते, आणि परक्या गावी अंगावर घरचं काहीतरी हवं. तिनं अंजिराकाकूंना बोलावलं. अंजिराकाकू म्हणजे शेजारच्या, हाडानं आडव्या, तोंडानं फाटक्या, आणि वाकळीच्या कामात गावात मानलेल्या. आईची मैत्रीण, म्हणजे आयुष्यभर एकमेकींना नावं ठेवून एकमेकींशिवाय न करमणाऱ्या दोघी. तो रविवार होता म्हणून मी गावी गेले होते.

छपरीत, म्हणजे आमच्या घरापुढच्या उतरत्या छपराखाली, रेखानं शेणानं सारवून घेतलं होतं. ऊन तिरपं आत येत होतं. पेटी उघडली तेव्हा कडुलिंबाच्या वाळलेल्या पाल्याचा आणि आईच्या खोबरेल तेलाचा वास आला. माझी नजर रेखाकडे गेली. ती नाकाला पदर लावून दुसरीकडे बघत होती. लुगडी सगळी सुती, नऊवारी, नेसून नेसून दुधाच्या सायीसारखी झालेली. हिरवं, जांभळं, एक तपकिरी, एक पांढऱ्यात निळ्या चौकड्या. बाबा अंगणात खाटेवर बसून पोपटाच्या, म्हणजे वालाच्या शेंगा सोलत होते. त्यांच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. वाकळ म्हणजे बायांचा कारभार.

अंजिराकाकूंनी हिरवं लुगडं उचललं, काठाशी दात लावला आणि दोन्ही हातांनी ओढलं. वीतभरच फाटलं असेल. तो आवाज तुम्ही ऐकला असेल तर वेगळं सांगायला नको, नसेल तर सांगून कळणार नाही.

"थांब वो!"

शेंगांची परडी पालथी झाली होती. बाबा छपरीच्या कडेला उभे होते. मोठ्यानं बोलणारा माणूस नाही तो. बैलालाही कधी शिवी दिली नाही त्यांनी.

"काय झालं भाऊजी?"

"फाडू नोको."

"अवो, न फाडता वाकर होते काय? काठ काढाच लागते."

"मले नाही माहीत. तिचा लुगडा फाडाचा नाही. माह्यादेखत त नाहीच नाही."

अंजिराकाकूंनी माझ्याकडे पाहिलं, रेखाकडे पाहिलं, आणि लुगडं मांडीवर ठेवून त्यांनी तंबाखूची डबी काढली. म्हणजे आता घरच्यांनी काय ते निपटून घ्यावं. रेखा घाबरेल असं मला वाटलं होतं. ती सासऱ्यासमोर कधी चढ्या आवाजात बोललेली नव्हती. पण तिचा चेहरा लाल झाला.

"मामाजी, मी काय इकून राहिली का तिचे लुगडे? माह्या पोरीले देऊन राहिली. तुमच्या नातीले. इतके वर्स आईचं अंग पुसलं मी. हेच लुगडे नेसवले, हेच सोडले, हेच धुतले. माह्या पोरीचा एका वाकरीवर हक्क नाही?"

"हक्काचं कोन म्हनून राहिला?"

"मंग काहून अडवता?"

बाबा खाली बसले आणि सांडलेल्या शेंगा एकेक करून परडीत भरायला लागले. मग मानेनंच लुगड्याकडे खूण करून म्हणाले, "तो आवाज सहन नाही होत मले. तिले कोनी फाडून राहिलं असं वाटते."

अंजिराकाकूंनी उघडलेली तंबाखूची डबी तशीच मिटली, आणि ही गोष्ट गावात सांगितली असती तर कोणाला खरी वाटली नसती.

मी त्या घरची मोठी लेक. दोन्ही बाजू माझ्याकडे पाहत होत्या, आणि मला दोन्ही बाजू पटत होत्या, म्हणजे मी अगदीच निरुपयोगी होते. रेखाचं खरं होतं. पेटीत ठेवून काय, उंदरं खातील. आणि पोरीला ती वाकळ मिळाली नसती तर रेखाच्या मनात कायमचं राहिलं असतं, की सून ती सूनच. बाबांचंही खरं होतं. पण त्यांचं खरं असं होतं की त्यावर बोलताच येत नव्हतं.

तोडगा बाबांनीच काढला. दुपारी जेवताना लाखोरीच्या कोवळ्या पाल्याच्या भाजीचा घास हातातच धरून म्हणाले, "वाकर मी शिवतो."

रेखाला हसू आवरेना. मलाही. पण ते खरंच बोलत होते. लुगडं फाडायचं नाही, अख्खंच घड्या घालून आत ठेवायचं. नऊवारीची चौघडी केली की माणसाच्या लांबीची होतेच. काठ असतात तिथेच राहू द्यायचे. वीतभर फाटलं तेवढं फाटलं. "लुगडे साबूत राह्यले पायजे," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, "वरून टाका मारला का झालं."

आणि टाका त्यांना येतच होता. आमच्या भागात धान पोत्यात भरून मिलवर जातं, आणि पोत्याचं तोंड शिवणं हे पुरुषाचं काम. बाबा त्यात तरबेज. चुरणं झालं की लोक त्यांना मुद्दाम बोलवायचे. दाभण, सुतळी, दोन्ही कोपऱ्यांना कान काढायचे आणि सपासप लांब टाके. पण पोत्याच्या टाक्याची गंमत अशी, की तो मारायचाच मुळी उघडण्यासाठी. मध्ये कुठे गाठ नाही, कुठे उलटा टाका नाही. मिलवर हमालानं एका कानाशी सुतळी सोडून हिसका दिला की पूर्ण तोंड मोकळं व्हायला हवं. वाकळीचा टाका याच्या अगदी उलट. बारीक, दाट, दर वळणावर मागे फिरून घट्ट केलेला, कारण ती कधीच उघडायची नसते.

अंजिराकाकूंनी हे तिथल्या तिथे सांगितलं. "भाऊजी, हा पोत्याचा टाका हाये. पह्यल्या पान्यात निघते."

"निघू दे. निघालं त लुगडा त साबूत निघन."

"मंग पोरगी पांघरन काय, पोतं?"

यावर बाबा हसले. आई गेल्यानंतर त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं, म्हणून मी अंजिराकाकूंना डोळ्यांनीच गप्प केलं. रेखानंही मान हलवली. निदान वाकळ होत होती, आणि कोणाला नाही म्हणावं लागत नव्हतं. घरात असे तोडगे बरेच निघतात. सगळ्यांना थोडे थोडे पटतात आणि टिकत नाहीत.

पुढचे सगळे रविवार मी गावी गेले. खरं कारण काय सांगू, मला पाहायचं होतं. सत्तरी ओलांडलेला माणूस, धोतर गुडघ्यावर खोचून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, छपरीत उन्हाच्या पट्ट्यात बसलेला. ऊन सरकलं की तोही सरकायचा. दाभणानं लुगड्याला भोकं पडतील म्हणून त्यांनी रेखाकडून बारीक सुई मागून घेतली होती, पण धरायचे ती दाभणासारखीच, मुठीत. दर चार टाक्यांनी बोटात घुसायची. रस्त्यानं जाणारे थांबायचे. "काय भाऊ, धान सरलं नाही वाटते अजून?" कोणी म्हणायचं, "आता पोळ्या बी लाटाल काय?" बाबा मान वर न करता म्हणायचे, "लाटीन ना. खाले ये." एकदोघं खरंच खायला आले. पोळ्या अर्थात रेखानंच लाटल्या.

शिवता शिवता ते बोलायचे. एवढं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. हे जांभळं, तिनं आंधळगावच्या बाजारातून आणलं होतं, बहिणीकडे गेली होती तेव्हा. हे चौकड्यांचं नेसून ती तळ्यावर जायची, पाण्यात उभी राहिली की काठ तरंगायचा. हे तपकिरी तुझ्या लग्नात. ते तपकिरी माझ्या लग्नातलं नव्हतं. माझ्या लग्नात आईनं जांभळं नेसलं होतं, फोटो आहे. त्यांच्या निम्म्या आठवणी चुकीच्या होत्या. पण मला कौतुक वाटलं ते याचं, की माझी आई हयात असताना या माणसानं तिच्या अंगावर काय आहे ते पाहिलंय असं कधी कोणाला वाटलं नव्हतं. तिला तर नाहीच. ती म्हणायची, मी उद्या तरट गुंडाळून उभी राहिले तरी तुझा बाप विचारणार नाही. आणि हा माणूस काठ तरंगल्याचं सांगत होता! मला थोडा रागच आला. जिवंतपणी सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? पण हे विचारण्यात अर्थ नव्हता. मी शेजारी बसून माझा स्वेटर विणत राहिले आणि चुकीचं लग्नही चालवून घेतलं.

एकदा ते म्हणाले, "तुही लोकर उसवते ना बाई? पुन्हा होते ना नवीन?"

"होते की."

"बरं आहे मंग," एवढंच म्हणाले, आणि सुईत दोरा ओवायला माझ्याकडे दिला.

वाकळ झाली. दिसायला यथातथाच. काठ आत तसेच राहिल्यानं कडा फुगलेल्या, टाके बोटभर लांब, मध्ये कुठे पोट आलेलं तर कुठे खड्डा. पिंकीनं ती अंगावर घेतली आणि म्हणाली, "आबा, मस्त गरम आहे." कार्टी शहाणी आहे आमची. अंजिराकाकूंनी दोन्ही बाजूंनी हात फिरवला, उलटी करून पाहिली आणि म्हणाल्या, "तुह्या मायनं पाह्यलं असतं त हासून हासून मेली असती." मग स्वतःच डोळे पुसले.

नवीन वाकळ रोज पांघरायला घेण्याआधी धुवावी लागते. चार जणांचे हात लागलेले असतात, वर्षभराचा पेटीचा वास असतो. रेखा ती पिंकीच्या होस्टेलच्या बॅगेत भरायच्या आधी, संक्रांतीच्या तोंडावर, तळ्यावर घेऊन गेली. पांघरुणं धुवायला आमच्या बाया अजून तळ्यावरच जातात. घरच्या नळाखाली वाकळ मावत नाही. तिनं ती पाण्यात बुडवली, दगडावर आपटली, पुन्हा बुडवली, आणि पिळायला म्हणून एक कोपरा धरून ओढला. दोरा सुटला. अंजिराकाकूंनी सांगितलं होतं तसाच, एका हिसक्यात, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. रेखा नंतर सांगत होती, हातात नुसता लांबच लांब दोरा राहिला आणि लुगडी एकेक करून पाण्यावर उलगडत गेली. ती पाण्यात शिरली, गोळा केली, बाजूच्या बाईनं एक पकडलं. काठावर येऊन ती रडली म्हणाली. बाबांना काय सांगायचं या भीतीनं. मग ओली लुगडी डोक्यावर घेऊन घरी आली आणि दुसरं काही सुचलं नाही म्हणून तिनं ती अंगणातल्या तारेवर वाळत घातली. आई घालायची तशीच, पदराचं टोक रस्त्याच्या बाजूला.

नेमकी मी त्याच दिवशी एसटीतून उतरले. आमचं अंगण रस्त्यावरून दिसतं. तारेवर आईची लुगडी होती, सगळी, लांबीनं पसरलेली, वाऱ्यानं फुगलेली. मी मास्तरीण आहे, भुतंखेतं माझ्या डोक्यात येत नाहीत. पण पाय थांबले. कितीतरी वर्षं हेच चित्र पाहून मी समजत आले होते की आई घरी आहे. आता आवाज देईल, हात पाय धुऊन घे म्हणेल. मी रस्त्यावर बॅग ठेवली आणि थोडा वेळ तशीच उभी राहिले. मागून एक मोटारसायकलवाला ओरडला तेव्हा बाजूला झाले.

अंगणात बाबा खाटेवर बसले होते, तारेकडे तोंड करून. रेखा दारात. तिनं मला पाहून हातानंच खूण केली, बोलू नका. बाबांनी लुगड्यांना हात लावला नव्हता, काही विचारलं नव्हतं, रागावलेही नव्हते. नुसते बसले होते. दुपारी जेवायला उठले नाहीत. रेखानं ताट तिथेच नेऊन दिलं, ते तिथेच राहिलं. ऊन उतरलं, लुगडी केव्हाच वाळली होती. संध्याकाळी वारा पडला तशी ती सरळ लोंबायला लागली. दिवेलागणीला रेखानं ती काढली, घड्या घातल्या आणि पेटीवर ठेवली. मला ती स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, "ताई, आता मी वाकरीचं नाव नाही काढत. राहू द्या पेटीत. पिंकीले ब्लँकेट घेऊन देतो." तिला वाटलं, लुगडी साबूत पाहून सासऱ्याचं मन भरलं. मलाही तसंच वाटलं होतं.

सकाळी चहा झाल्यावर बाबांनी रेखाला हाक मारली. म्हणाले, अंजिराला बोलाव, आणि ते लुगडे आण. रेखानं माझ्याकडे पाहिलं. अंजिराकाकू आल्या, हातात सुई-दोरा नाही, काही नाही. त्या बहुधा भांडायच्या तयारीनं आल्या होत्या. आम्ही सगळ्या छपरीत बसलो, आणि बाबा पहिल्यांदा आमच्यात, सारवलेल्या जमिनीवर.

"काल दिवसभर पाहून राह्यलो मी," ते म्हणाले. "सुकले. ऊन गेलं. वाटलं, आता येते अन काढून नेते. कधी बाहेर राहू दिले नाही तिनं, सांज व्हाच्या आधी काढे." मग त्यांनी वरच्या लुगड्याची घडी सारखी केली. "कोनी आलं नाही."

रेखानं तोंडात पदर कोंबला.

"आता फाड," बाबा म्हणाले.

अंजिराकाकूंनी हिरवं लुगडं घेतलं, तेच, वीतभर चिरलेलं. पण त्यांचा हात चालेना. एवढ्या वर्षांत किती लुगडी फाडली असतील त्या बाईनं! त्यांनी ते रेखाकडे दिलं, रेखानं माझ्याकडे. मी काठ धरला आणि सोडला. शेवटी बाबांनीच एक टोक हातात घेतलं आणि दुसरं रेखाच्या हातात दिलं.

"ओढ ना वो. भेते कायले?"

रेखानं ओढलं. आवाज झाला, सरळ, लांब, पदरापासून पार दुसऱ्या टोकापर्यंत. रेखा हुंदके देत होती, अंजिराकाकूंनी मान फिरवली होती. मी बाबांकडे पाहत होते. त्यांनी डोळे मिटले नाहीत. सुटा झालेला काठ त्यांनी कोपर ते तळहात असा गुंडाळला, बाजूला ठेवला, आणि हात पुढे केला.

"दुसरा दे," म्हणाले.